पाणी भरपूर पितेय, तरी चेहरा कोरडाच! : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमधले निम्म्याहून जास्त पाण्यावरचे निघाले, म्हणून म्हटलं यावेळी केस गळणं, कोंडा, डाग सगळं बाजूला ठेवू आणि फक्त पाण्यावरच बोलू. काही प्रश्न त्वचेचे आहेत, काही घरातल्या माणसांच्या तब्येतीचे, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत दिसली की पाणी जितकं जास्त तितकं चांगलं. मी त्वचेची डॉक्टर आहे आणि या समजुतीमुळे त्रास करून घेतलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची आहे. चेहऱ्यावर ग्लो येतो म्हणून गेले तीन महिने रोज चार लिटर पाणी पितेय, बाटलीवर खुणा करून. पण गालाची सालं निघायची ती निघतायतच, ओठ फुटतात, आणि रात्री तीनदा बाथरूमला उठावं लागतं. मैत्रीण म्हणते अजून वाढव. वाढवू का?

नको गं, अजिबात वाढवू नकोस. उलट रात्रीची झोप मोडतेय ना, मग आधी कमी कर, कारण त्वचेची दुरुस्ती जी काय होते त्यात झोपेचा वाटा मोठा असतो.

आता तू प्यायलेलं पाणी जातं कुठे ते बघ. ते आतड्यातून रक्तात येतं. रक्त किती दाट किंवा पातळ झालंय यावर मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग चोवीस तास लक्ष ठेवून असतो, रक्त एक-दोन टक्के जरी दाट झालं तरी तो तहान लावतो आणि एका हार्मोनमार्फत किडनीला सांगतो की पाणी धरून ठेव. रक्त पातळ झालं की तोच हार्मोन कमी होतो आणि किडनी जास्तीचं पाणी लघवीवाटे सोडून देते. म्हणजे चार लिटरमधलं तुझ्या गरजेच्या वरचं जे काही होतं ते गालापर्यंत पोचलंच नाही, ते गेलं रात्री तीन वेळा बाथरूममध्ये.

आणि गालाचं म्हणशील तर त्वचेचे थर असतात. आतला जाड थर, डर्मिस, त्यात जवळपास ७० टक्के पाणी असतं आणि ते त्याला रक्तातून मिळतं, तू तब्येतीने ठीक आहेस आणि तहान लागली की पितेस तर तो थर भरलेलाच असतो. पण बोट फिरवल्यावर आपल्याला कोरडा लागतो तो हा थर नाही. तो असतो सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, त्यात रक्तवाहिन्या नाहीतच. त्याला पाणी खालून झिरपून मिळतं आणि वरून हवेत उडून जातं, अगदी घाम आला नाही तरी दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिली पाणी असं गुपचूप उडून जातं. हे उडणं आटोक्यात ठेवतं ते पेशींच्या मधलं तेलकट सारण, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अॅसिड मिळून झालेलं. कडक गरम पाण्याची अंघोळ, फेस येणारे फेसवॉश दिवसातून चार वेळा, स्क्रब, एसीतली कोरडी हवा, यांनी ते सारण धुतलं जातं नाहीतर विरळ होतं आणि मग गळती सुरू. टाकीत कितीही पाणी भरलं तरी गळका नळ काही दुरुस्त होत नाही, तुझं नेमकं तसंच झालंय.

म्हणून आठवडाभर हे करून बघ. कोमट पाणी, अंघोळ दहा मिनिटांच्या आत, चेहऱ्याला सौम्य क्लिन्झर दिवसातून दोनदाच. चेहरा टॉवेलने टिपायचा, घासायचा नाही, आणि त्वचा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावायचं. लेबलवर ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक अॅसिड दिसलं तर ते पाणी धरून ठेवणारं, सिरॅमाइड दिसलं तर ते सारण भरून काढणारं, आणि पेट्रोलियम जेली म्हणजे वरून झाकण. ओठांना साधी पेट्रोलियम जेली पुरते, फक्त ओठ चाटायची सवय असेल तर ती सोड, थुंकी वाळताना असलेला ओलावाही घेऊन जाते. तीन-चार आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा लाली आणि खाज असेल, तर मात्र दाखवून घे, कारण सालं निघण्यामागे एक्झिमा किंवा थायरॉइडसुद्धा असू शकतो आणि ते तीन महिने पाणी पिऊन लपून राहतं.

पाण्याचा त्वचेला काहीच उपयोग नाही असं मात्र नाही. पोर्तुगालमधल्या २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात बायकांना महिनाभर रोज दोन लिटर पाणी जादा दिलं होतं, त्यात ज्या आधी कमी पाणी प्यायच्या त्यांच्या त्वचेत ओलावा वाढलेला जास्त स्पष्ट दिसला, ज्या आधीच पुरेसं पीत होत्या त्यांच्यात तेवढा नाही. तू पहिल्यापासून दुसऱ्या गटातली आहेस.

प्रश्न : आठ ग्लासचा नियम खरा की खोटा? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. मी ३५ वर्षांचा आहे, दिवसभर बसून काम.

ज्यातून हा नियम आला असं मानलं जातं ते लिखाण १९४५ चं आहे. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने तेव्हा लिहिलं होतं की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, आणि लगेच पुढे लिहिलं होतं की यातलं बरंचसं खाण्यातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं मागेच राहिलं. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या किडनीच्या अभ्यासकाने आठ ग्लासला आधार सापडतो का म्हणून बरंच शोधलं, निरोगी माणसासाठी तसा पुरावा काही सापडला नाही.

आता सांगतात ते आकडे असे. अमेरिकेत २००४ पासून बायकांसाठी २.७ लिटर आणि पुरुषांसाठी ३.७ लिटर, युरोपात २०१० पासून अनुक्रमे २ आणि २.५ लिटर. पण नीट वाचा हं, हे एकूण पाणी आहे, म्हणजे साधं पाणी, चहा, दूध, सूप, फळं, भाज्या सगळं धरून, आणि साधारण पाचवा हिस्सा नुसत्या खाण्यातूनच येतो. दोन ठिकाणच्या तज्ज्ञांचे आकडे एवढे वेगळे आहेत यावरूनच समजा की एक ठरलेला आकडा असा नाहीच. २०२२ मध्ये ५,६०४ लोकांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या माणसापर्यंत सगळे होते, आणि त्यातही हेच दिसलं की वय, शरीर, काम आणि हवा यांप्रमाणे गरज खूप बदलते.

तुम्ही बसून काम करता, तब्येत चांगली आहे, तर तहान लागली की प्या आणि लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर छान चाललंय. गडद पिवळा आणि दिवसात दोन-तीनदाच जाणं होतंय तर कमी पडतंय. एकदम पाण्यासारखी स्वच्छ आणि तासातासाला, तर जास्त होतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर रंग भडक पिवळा येतो, त्यावरून घाबरू नका. कामात गुंग झाल्यावर तहान लागलेली कळतच नाही अशी माणसं असतात, तुम्ही तसे असाल तर बाटली टेबलावर समोर ठेवा, बॅगेत नको.

प्रश्न : पाणी जास्त प्यायलं की शरीरातली घाण बाहेर पडते आणि पिंपल्स जातात हे खरं आहे का? वय १७.

नाही बाळा. पिंपल तयार होतो तो त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींमुळे, वयात येताना हार्मोनमुळे त्या जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. यातल्या कुठल्याच पायरीवर प्यायलेलं पाणी पोचत नाही. शरीराची सफाई लिव्हर आणि किडनी करतात, पिंपलमधून घाण बाहेर पडत नसते. तुझ्या वयात बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अॅडापलीन असलेली क्रीम्स चांगली लागू पडतात, पण डॉक्टरांना विचारून, आणि सहा ते आठ आठवडे धीर धर. फोडू नकोस, डाग आणि खड्डे त्यानेच राहतात, आणि ते घेऊन येणारी मुलं बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण ते आधी टाळता आलं असतं.

प्रश्न : मी ४३ वर्षांची. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या दिसायला लागल्यात. पाण्याने त्या लांबणीवर पडतात का?

पाणी कमी पडलं असेल तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि बारीक रेषा जास्त उठून दिसतात, तेवढं पाणी प्यायल्यावर सुधारतं. पण कायमच्या सुरकुत्या येतात त्या कोलॅजन आणि इलॅस्टिन झिजल्यामुळे, आणि वयानंतरचं सगळ्यात मोठं कारण आहे ऊन. सिगारेट असेल तर ती पण. ऑस्ट्रेलियात ९०३ लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो छापून आला, ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं त्यांच्या त्वचेचं म्हातारपण मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं. तेव्हा चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, रोज सकाळी, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. डोळ्यांच्या कडा आणि कान हमखास विसरले जातात.

प्रश्न : ताई, माझी आई ७४ वर्षांची आहे. दिवसभरात जेमतेम तीन कप पाणी पिते. विचारलं तर म्हणते तहानच नाही लागत. मागच्या आठवड्यात उठताना चक्कर येऊन पडली, सुदैवाने फ्रॅक्चर नाही. हाताची त्वचा चिमटीत धरली की तशीच उभी राहते. काय करू? ती ऐकत नाही.

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण हे माझ्या घरात घडलंय. माझे वडील रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणीच प्यायचे नाहीत, आम्हाला कुणाला कळलं नाही, आणि ऐन उन्हाळ्यात एके दिवशी ते भलतंच काहीतरी बोलायला लागले. आम्हाला वाटलं मेंदूचा झटका आला. सलाइन लागल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्ण ठीक झाले. तेव्हापासून ओपीडीत कुणीही म्हातारं माणूस आलं की मी खाजेच्या आधी पाण्याचं विचारते.

आई खोटं बोलत नाहीये. वय वाढतं तशी तहानेची जाणीवच मंदावते, शरीराला पाणी हवं असतं पण तहान लागत नाही. त्यात किडनीची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते आणि शरीरातलं एकूण पाणीही तरुणपणापेक्षा कमी असतं, म्हणजे साठा लहान, गळती जास्त आणि धोक्याची घंटा मुकी. त्यामुळे तहान लागेल तेव्हा प्या हे मी वर ३५ वर्षांच्या माणसाला सांगितलं ते आईला लागू नाही.

त्वचेच्या चिमटीवर मात्र या वयात भरवसा ठेवू नका, सत्तरीनंतर त्वचा तशीही सैल पडते आणि पाणी पुरेसं असलं तरी उभी राहते. तोंडात बघा, जीभ आणि गालाची आतली बाजू कोरडी आहे का, लघवी गडद आणि थोडी होते का, उठून उभं राहिल्यावर चक्कर येते का. आणि पडण्याचं कारण नुसतं पाणीच असेल असं धरून चालू नका, बीपी बसलेलं आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही तपासून घ्या, सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करा, गोळ्यांची सगळी यादी डॉक्टरांसमोर ठेवा, कारण बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती ते डॉक्टरच ठरवतील, आपण मनाने वाढवायचं नाही.

ऐकत नाही म्हणता, तर एकदा शांतपणे विचारा की पाणी प्यायला नको वाटतं की बाथरूमला जायला नको वाटतं. बऱ्याच बायका लघवी सुटते म्हणून पाणी तोडतात आणि मुलाला हे सांगायची लाज वाटते, बहीण किंवा बायको विचारेल तर बोलतील. त्यावर इलाज आहेत, व्यायाम आहेत, औषधं आहेत. बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, धरायला दांडा, एवढ्याने सुद्धा भीती निम्मी होते. मोठा तांब्या समोर ठेवला की दडपण येतं, त्यापेक्षा अर्धा कप, पण उठल्यावर, गोळ्यांबरोबर, प्रत्येक खाण्याबरोबर, चहाच्या आधी, असं रोजच्या कामांना बांधून द्या, आणि जास्तीत जास्त पाणी संध्याकाळच्या आत पोटात जाऊ द्या. साधं पाणी नको वाटलं तर सूप, ताक, दूध, रसाळ फळं सगळं मोजा. तुम्ही स्वतः तिच्याजवळ बसून स्वतःचा कप प्या, आईलोक सोबत असली की घेतात.

जुलाब-उलटी झाली तर नुसत्या पाण्यावर राहू नका, ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कमी-जास्त न करता. आणि अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागली किंवा गुंगीत दिसली तर घरी उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : चहा-कॉफीने शरीरातलं पाणी कमी होतं ना? आणि जेवताना पाणी पिऊ नये म्हणतात ते?

कॅफीनने लघवी थोडी वाढते, पण कपात जेवढं पाणी असतं तेवढं काही जात नाही, आणि रोजची सवय असेल तर फरक अजूनच कमी. दिवसाचे दोन-तीन कप मोजायला हरकत नाही, साखर तेवढी सांभाळा. जेवताना घोट-दोन घोट काय, ग्लासभर प्यायलात तरी पचन बिघडत नाही, पोट लागेल तसं अॅसिड तयार करतं. अॅसिडिटीचा त्रास असेल आणि पोट गच्च होत असेल तर थोडं थोडं प्या.

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे, गरमी खूप आहे, ओठ कोरडे दिसतात. पाणी पाजू का?

नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, कडक उन्हाळ्यातसुद्धा, कारण दुधात बहुतांश पाणीच असतं. पाणी पाजलं तर इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी जातं, आणि बाळाच्या किडनीला जादा पाणी नीट बाहेर टाकता येत नाही, सोडियम खाली जाऊन झटके येऊ शकतात. दूध जास्त वेळा पाज, आणि तू स्वतः प्रत्येक वेळी पाजताना ग्लासभर पाणी जवळ ठेव. दिवसात लघवीचे सहाएक लंगोट ओले होतायत तर काळजी नाही. कमी होत असतील, बाळ मलूल असेल, टाळू खोल गेलेली वाटली तर लगेच दाखव.

प्रश्न : मी हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. ग्रुपमध्ये सांगतात तहान लागायच्या आधीच पीत राहायचं. मागच्या लाँग रनला प्रत्येक स्टॉपला प्यायलो, शेवटी डोकं दुखायला लागलं आणि मळमळ. पाणी कमी पडलं का?

जास्त झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. किडनी भरपूर काम करते, दिवसाला १८० लिटर गाळते, पण तासाला साधारण ८०० मिली ते एक लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर टाकू शकत नाही, आणि पळताना शरीर पाणी धरून ठेवणारा हार्मोन सोडतं त्यामुळे तेवढंही टाकत नाही. मग रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, आणि फारच झालं तर जीवावर बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम खाली गेलेलं निघालं, आणि ज्यांचं वजन पळून वाढलं होतं त्यांच्यात हे जास्त होतं.

तुम्ही पुढच्या लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. थोडं कमी भरलं तर ठीक, वाढलेलं भरलं तर पाणी जास्त होतंय. पळताना तहानेप्रमाणे घ्या, प्रत्येक स्टॉपला हात पुढे करायची गरज नाही. आणि पुन्हा असं झालं तर अजून पाणी पिऊ नका, थांबा आणि मेडिकल टेंटमध्ये जा, सोबत कुणीतरी असू द्या.

प्रश्न : मला दोनदा मुतखडा झालाय, पत्नीला वारंवार युरिन इन्फेक्शन. आम्हालाही तहान लागेल तेवढंच पुरे का?

नाही, तुम्हा दोघांना पाणी हे औषध म्हणूनच घ्यायचंय. तुमच्या खड्यासाठी हिशोब पिण्याचा नाही, लघवीचा, दिवसाला किमान अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. १९९६ मध्ये १९९ लोकांचा पाच वर्षं चाललेला अभ्यास आला होता, पहिल्या खड्यानंतर पाणी वाढवलेल्यांमध्ये १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न वाढवलेल्यांमध्ये २७ टक्क्यांना. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी मापाच्या भांड्यात मोजून बघा, अंदाज हमखास चुकतो. मीठ कमी करा, झोपायच्या आधी एक ग्लास घ्या.

पत्नी आत्ता दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पीत असतील तर आणखी दीड लिटर वाढवून बघा, २०१८ च्या एका अभ्यासात अशाच १४० बायकांपैकी ज्यांनी पाणी वाढवलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. ताप, थंडी किंवा कंबरेत दुखणं असेल तर पाण्यावर भागवू नका, अँटिबायोटिक लागेल.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत, डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच सांगितलंय. नातेवाईक येतात आणि म्हणतात पाणी दे त्यांना, किडनी साफ होईल, त्वचा बघ किती कोरडी पडलीय. त्यांना रात्रभर खाज सुटते. मला खूप अपराधी वाटतं.

अपराधी वाटून घेऊ नका हो, तुम्ही अगदी बरोबर करताय. किडनी पाणी बाहेर टाकत नाही तेव्हा प्यायलेलं पाणी रक्तात, पायात आणि फुप्फुसात साठतं, दोन डायलिसिसच्या मधे दम लागतो तो त्यामुळेच. नातेवाइकांना एवढंच सांगा की नळाचा मार्ग बंद असताना बादलीत ओतून काय उपयोग, आणि तरी ऐकलं नाही तर पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांसमोर न्या.

खाज आणि कोरडेपणा डायलिसिसच्या खूप पेशंटना असतो, तो पाणी कमी प्यायल्यामुळे नाही. त्वचेतल्या घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, फॉस्फरस वाढलेला असतो, नसा जास्त संवेदनशील झालेल्या असतात. त्यांना पाणी बाहेरून द्या, म्हणजे कोमट पाण्याने झटपट अंघोळ आणि अंग ओलं असतानाच भरपूर जाड मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा, वास नसलेलं. नखं बारीक ठेवा. फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या जेवणाबरोबरच घेतायत ना बघा, आणि तरी झोप उडत असेल तर डायलिसिसच्या डॉक्टरांना खाजेचं वेगळं सांगा, पेशंट स्वतःहून सांगत नाहीत पण त्यावर औषधं आहेत.

तहानेचं म्हणाल तर आधी मीठ कमी करा, पापड-लोणची आणि पाकिटातलं खारट बंद, त्याने तहान खरंच कमी लागते. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवा आणि दिवसभरात चहा, गोळ्या, सूप जे काही द्याल तेवढं त्यातून ओतून काढा, म्हणजे किती उरलंय ते दोघांनाही दिसतं. मधे तोंड कोरडं पडलं तर गार पाण्याने चूळ भरून टाकायला सांगा, किंवा बर्फाचा एक छोटा खडा चघळायला द्या, तोसुद्धा त्या एक लिटरमध्येच धरा.